परदेशी पागेतले बारगीर

चीनमधील हांगझो येथे २६ सप्टेंबर २०२३ रोजी अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हजेला या चौघांच्या संघाने २०९.२०५ गुण मिळवून आशियाई क्रीडास्पर्धेतील ड्रेसेज या प्रकाराचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा अश्वारोहणात भारताला १९८२च्या दिल्ली स्पर्धेनंतर, म्हणजे ४१ वर्षांनी सुवर्ण मिळाले होते. त्यांतील छेडा हे मुंबईचे. या विजयामागची एक गोष्ट मात्र सामान्य वाचकाच्या नजरेतून बहुधा निसटली असावी : चौघांचीही तयारी युरोपात राहून झाली होती आणि त्यांचे घोडेही भारतातून नव्हे, युरोपातूनच विमानाने चीनला नेण्यात आले होते. असा घोडा कसा तयार होतो, त्याला तयार करणारा माणूस कोण असतो आणि त्या माणसाच्या पेशात भारतीय तरुणाला, विशेषतः घोड्यांची जाण पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या खानदेशातल्या तरुणाला, शिरकाव आहे का, हा या लेखाचा विषय आहे.

ड्रेसेजमध्ये अडथळे नसतात आणि शर्यतही नसते. वीस मीटर रुंद आणि साठ मीटर लांब अशा वाळूच्या रिंगणात, कडेला लावलेल्या अक्षरांच्या खुणांवर, ठरलेल्या क्रमाने घोड्याने विविध हालचाली करावयाच्या असतात आणि परीक्षक प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा असे गुण देतात, ज्यांची शेवटी टक्केवारी काढली जाते. सर्वोच्च पातळीला ग्राँ प्री म्हणतात. तेथे घोडा जागच्या जागी तालात दुडकतो, ज्याला पियाफ म्हणतात. हवेत क्षणभर थांबल्यासारखी उंच, संथ दुडकी चालतो, जिचे नाव पसाज. आणि दौडताना मागच्या पायांभोवती जवळजवळ जागेवरच गोल फिरतो, ती पिरुएट. हे सारे स्वाराच्या बैठकीच्या आणि पोटऱ्यांच्या सूक्ष्म खुणांवर व्हावे, पाहणाऱ्याला खूण दिसू नये, ही अपेक्षा असते. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या नियमांनुसार आठ वर्षांखालील घोड्याला ग्राँ प्रीमध्ये उतरता येत नाही. पाठीवर खोगीर चढते ते साधारणपणे तिसऱ्या वर्षी. त्या दिवसापासून ग्राँ प्रीपर्यंतची जी निदान पाच वर्षे असतात, त्यांत रोज त्या घोड्यावर बसणारा, त्याला घडवणारा आणि अधूनमधून स्पर्धेत दाखवणारा जो पगारी स्वार, त्याला जर्मनीत ‘बेरायटर’ म्हणतात आणि आपल्याकडे जुन्या काळी चाबुकस्वार म्हणत. पदकाच्या छायाचित्रात तो क्वचितच दिसतो.

या कामाचा आरंभ अगदी साधा असतो. तीन वर्षांच्या घोड्याला प्रथम लांब दोरीवर, प्रशिक्षकाभोवती वर्तुळात चालवतात, मग पोटपट्टा, मग रिकामे खोगीर, आणि या साऱ्याची भीती गेल्यावर हलक्या अंगाचा स्वार आधी नुसता पोटावर आडवा टेकतो आणि नंतर बसतो. यात घाई केली तर पुढची पाच वर्षे तिचे व्याज भरावे लागते. पहिल्या वर्षी रोजचे काम वीस-तीस मिनिटांपलीकडे नेत नाहीत, कारण हाडांची वाढ चालू असते, पाठीच्या स्नायूंना माणसाचे वजन पेलण्याची सवय नसते आणि लहान मुलासारखी एकाग्रताही थोडकीच असते. चांगला स्वार अशा घोड्याला रिंगणाबाहेर रानवाटेने, चढ-उतारावरून नेतो, जेणेकरून त्याचे शरीर आणि मन दोन्ही मोकळी राहतात. जर्मन पद्धतीत या शिक्षणाच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत : ताल, सैलपणा, लगामाशी हलका व स्थिर संपर्क, मागच्या पायांतून येणारी उसळी, सरळपणा आणि शेवटी वजन मागच्या पायांवर घेऊन स्वतःला गोळा करण्याची क्षमता. क्रम महत्त्वाचा आहे. सैलपणा येण्यापूर्वी मान वाकवून घेतलेला घोडा फोटोत सुंदर दिसतो, पण त्याची पाठ ताठरते आणि पुढे त्याला पियाफ शिकवताना ती उणीव उघडी पडते. बळाने घोड्याची हनुवटी छातीपर्यंत खेचण्याच्या पद्धतीवर बराच वाद झाला आणि २०१० मध्ये महासंघाने तशा सक्तीला अमान्य ठरवले. तरीही ती युरोपातून पूर्णपणे गेली, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

कोवळ्या घोड्यांच्या स्पर्धाही वेगळ्या असतात. त्यांत एकेका हालचालीपेक्षा घोड्याची जात्या असलेली गुणवत्ता पाहतात. पाच वर्षांच्या घोड्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत चार ठोक्यांची चाल, दोन ठोक्यांची दुडकी, तीन ठोक्यांची मंद दौड, आज्ञाधारकता आणि भविष्यातील शक्यता अशा पाच बाबींना प्रत्येकी दहापैकी गुण मिळतात. सहा वर्षांच्या घोड्याला दौडताना हवेतच पाय बदलण्याची करामतही दाखवावी लागते. जर्मनीत व्हेर्डेन आणि नेदरलँड्समध्ये एर्मेलो येथे अशा घोड्यांची जागतिक अजिंक्यपदे भरत आली आहेत, तर जर्मनीपुरते बोलायचे तर वारेंडॉर्फ येथील वार्षिक राष्ट्रीय स्पर्धा हे त्या व्यवसायाचे सर्वांत मोठे प्रदर्शन समजले जाते. तेथील तीन-चार वर्षांच्या घोड्यांच्या गटात एक विलक्षण कसोटी रूढ आहे : घोड्याच्या नेहमीच्या स्वाराला उतरवून एक परका, अनुभवी स्वार वर बसतो आणि घोडा त्याच्याही हाताखाली तितक्याच निर्धास्तपणे चालतो का, ते पाहून गुण देतो. चाबुकस्वाराच्या कामाची याहून प्रामाणिक परीक्षा दुसरी नसावी, कारण भीतीने किंवा नुसत्या सवयीने चालणारा घोडा येथे तत्काळ ओळखू येतो.

खानदेशातील वाचकाला घोड्याची पारख नवी नाही. रावेर तालुक्यातील सावद्यापासून तापीच्या काठाकाठाने पश्चिमेला गेले, की शहादा तालुक्यात सारंगखेडा लागते. १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या या गावी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि त्यात मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडील शुभ्र नुकरा असे घोडे येतात. तेथील गिऱ्हाईक दात पाहून वय ठरवते, रंग आणि पायांचा पांढरेपणा पाहते, अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ ते तपासते आणि रेवाल चालीचा घोडा असेल तर चार पैसे अधिक मोजते. रेवाल म्हणजे एका बाजूचे पुढचे-मागचे पाय जवळजवळ बरोबरीने टाकत, स्वाराला जराही न हिंदकळवता जाणारी वेगवान चाल. गंमत अशी, की ड्रेसेजच्या रिंगणात चालताना एका बाजूचे पाय असे जोडीने पडू लागले, तर परीक्षक तो गंभीर दोष मानून गुण कापतात, आणि भोवऱ्यांकडे तर तेथे कोणी पाहतही नाही. वरातीत नाचणारा घोडा आणि पियाफ करणारा घोडा वरवर सारखे दिसतात, परंतु एकाचा नाच बहुधा वाद्यांच्या आणि टाचेच्या उत्तेजनातून येतो, तर दुसऱ्याचा पियाफ अनेक वर्षे कमावलेल्या स्नायूंच्या बळावर, शांत मनाने व्हावा अशी अपेक्षा असते. म्हणजे खानदेशी अश्वपालकाजवळ धाडस, हाताळणी आणि जनावराची भाषा आहे. पारखीचे निकष मात्र त्याला नव्याने शिकावे लागतील.

या व्यवसायाचे अर्थकारण समजून घेतल्याखेरीज त्यातील माणसाचे सुखदुःख कळत नाही. सावद्याची केळी जशी हिरवी असतानाच कापून रेल्वेने वा ट्रकने उत्तरेला जातात आणि दूरच्या बाजारात पिकतात, तसा कोवळा घोडाही पूर्ण तयार होण्यापूर्वीच विकला जातो. व्हेर्डेन आणि फेख्टा येथील पैदासकार संघटनांच्या लिलावांत तीन-चार वर्षांचे घोडे जगभरातील ग्राहक विकत घेतात, आणि ज्या स्वाराने त्याला दोरीवरून खोगिरापर्यंत आणले, त्याच्या वाट्याला पगार, क्वचित थोडी दलाली आणि दुसऱ्या दिवशी नवा, न शिकलेला घोडा येतो. अगदी शिखरावरही हेच घडते. एडवर्ड खाल या डच स्वाराने तोतिलास नावाच्या काळ्या घोड्यावर २०१० मध्ये अमेरिकेतील केंटकी येथे जागतिक स्पर्धेची तीन सुवर्णपदके जिंकली आणि त्याच वर्षी तो घोडा जर्मनीतील पॉल शोकेम्योले यांना विकला गेला; पुढे त्यावर दुसराच स्वार बसला आणि पूर्वीची जादू काही परत आली नाही.

मराठा फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद इतिहासाच्या वाचकांना माहीत असतो. ड्रेसेजमध्ये आजवर परदेशी गेलेले बहुतेक भारतीय स्वार या अर्थाने शिलेदार आहेत : कुटुंबाच्या वा पुरस्कर्त्यांच्या बळावर घोडा घ्यायचा, तो युरोपातल्या नामांकित प्रशिक्षकाच्या पागेत ठेवायचा आणि तेथे शिकायचे. कोलकात्याचे अनुष अगरवाला किशोरवयातच जर्मनीला गेले आणि पाडरबॉर्नजवळ हुबर्टुस श्मिट यांच्याकडे, जे स्वतः २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमधील सांघिक सुवर्णविजेते आहेत, वर्षानुवर्षे राबले. त्यातून हांगझोचे वैयक्तिक कांस्य आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ड्रेसेजसाठी उतरणारा पहिला भारतीय होण्याचा मान त्यांना मिळाला. त्यांच्या श्रमांबद्दल शंका नाही. पण हा मार्ग केळीच्या काही एकरांवर जगणाऱ्या घराला परवडणारा नाही, आणि क्रीडाखात्याच्या मदतीनेही तो सर्वांना खुला होईल असे वाटत नाही.

बारगिराचा मार्ग मात्र उघडा आहे, आणि तो लहानही नाही. ब्रिटनची शार्लट दुजार्डिन २००७ मध्ये कार्ल हेस्टर यांच्या पागेत नोकरीला आली, तेथे कोवळा व्हालेग्रो तिच्याकडे कामासाठी आला आणि २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याच घोड्यावर तिने दोन सुवर्णपदके मिळवली. (हीच दुजार्डिन २०२४ मध्ये प्रशिक्षण देताना घोड्याच्या पायांवर वारंवार चाबूक मारल्याच्या चित्रफितीमुळे पॅरिस ऑलिंपिकमधून बाहेर पडली आणि तिच्यावर एक वर्षाची बंदी आली, हेही त्याच पानावर लिहून ठेवले पाहिजे.) जर्मनीत या पेशाचे शिक्षण सुतारकामासारखेच राज्यमान्य आहे. ‘फेर्डेव्हिर्ट’ या नावाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असून त्याच्या पाच शाखांपैकी ‘अभिजात अश्वारोहण प्रशिक्षण’ ही ड्रेसेजच्या दृष्टीने महत्त्वाची. शिकाऊ उमेदवार मान्यताप्राप्त पागेत काम करतो, व्यवसाय-शाळेत शरीरशास्त्र, आहार आणि खूररोग शिकतो, आणि त्याला विद्यावेतन मिळते, शुल्क भरावे लागत नाही. वेतन तुटपुंजे असते. पहाटे शेण काढणे, चारा घालणे, मग एकामागून एक आठ-दहा घोड्यांवर बसणे, हिवाळ्यात दुपारी साडेचारलाच अंधार, आठवड्याअखेरीस स्पर्धा, आणि तरुण घोड्यावरून पडण्याची कायमची शक्यता, असा तो दिनक्रम असतो. पाठीची आणि कमरेची दुखणी या पेशात नित्याचीच. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये तर नवशिका उमेदवार पूर्ण स्वार होईपर्यंत दशकभराचा काळ जातो, आणि तेथील शहाणा नियम असा, की नवा स्वार जुन्या घोड्याकडून शिकतो व नवा घोडा जुन्या स्वाराकडून. नवख्याने नवखा घोडा घडवू नये, हे त्यातले मर्म आपल्याकडील अनेक तबेल्यांत आजही पाळले जात नाही.

हेच काम भारतात राहून का होऊ नये, असा प्रश्न साहजिक आहे. मुंबईत महालक्ष्मीला १९४२ पासून अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, पुण्याच्या परिसरातही चांगली केंद्रे आहेत, आणि पायाभूत शिक्षणासाठी ती पुरेशी आहेत. अडचण पैदाशीची आणि रोगनियंत्रणाची आहे. ड्रेसेजसाठी लागणारी उसळती दुडकी हॅनोव्हेरियन, ओल्डेनबुर्ग, डच अशा जातींत निवड-पैदाशीने मुरवलेली आहे, तशी पैदास येथे रुजलेली नाही. आणि ग्लँडर्स, सरा यांसारख्या घोड्यांच्या साथरोगांमुळे भारतातला घोडा स्पर्धेसाठी युरोपात नेणे वर्षानुवर्षे जवळजवळ अशक्य होते. जुलै २०२५ मध्ये मीरत येथील लष्कराच्या पशुवैद्यकीय केंद्रातील रोगमुक्त विभागाला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, त्यामुळे ती कोंडी फुटण्याची पहिली शक्यता निर्माण झाली आहे. परंतु एका विभागाने पैदास-व्यवसाय उभा राहत नाही, आणि पुढची काही वर्षे तरी हे शिक्षण घोड्यांच्या मागे युरोपातच जाऊन घ्यावे लागेल.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा कामांवर भर होता. पागेतल्या कामाचा विचार त्यात करायला हरकत नव्हती. तो होईपर्यंत ज्या घरातला मुलगा वा मुलगी घोड्यावर नीट बसते, त्या घराने जमीन विकून घोडा घेण्याच्या फंदात पडू नये. मुंबई-पुण्याच्या एखाद्या केंद्रात दोन वर्षे शास्त्रशुद्ध बैठक शिकावी, जर्मन भाषेची बी-एक पातळी गाठावी, आपल्या स्वारीची प्रामाणिक चित्रफीत तयार करावी आणि शिकाऊ उमेदवारीसाठी पागांना थेट अर्ज करावेत.