लोहगावचा हवाई तळ

घोडेगावच्या बाजारातून कांद्याची पोती अथवा जनावरे भरून पुण्याकडे निघालेली गाडी अहिल्यानगर, शिरूर आणि वाघोली ही ठाणी मागे टाकून शहराच्या हद्दीशी आली, की उजव्या हातास, थोडे आत, जे लोहगाव लागते, ते वारकरी संप्रदायात तुकोबांचे आजोळ म्हणून पिढ्यानपिढ्या ओळखले जाते. तेथील विमानतळास तुकोबांचे नाव द्यावे, असा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली संमत केला, हे मला फार उचित वाटते. परंतु नित्याच्या विमानप्रवाशाला बहुधा याची जाणीव नसते की, ज्या धावपट्टीवरून तो दिल्लीस वा बंगळूरला जातो, ती मुळात फौजेची आहे.

हा तळ १९३९ साली ब्रिटिशांनी उभारला आणि त्यामागचा हेतू मुंबई बंदराचा हवाई बंदोबस्त हा होता. सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी पावसाळ्याचे चार महिने आभाळ खाली उतरलेले असते. घाट चढून आल्यावर मात्र पर्जन्यछायेचा मोकळा, सपाट मुलूख लागतो, आणि तेथून मुंबई विमानाच्या दृष्टीने अगदी हाकेच्या अंतरावर राहते. महायुद्धाच्या काळात स्पिटफायर, मॉस्किटो आणि वेलिंग्टन या जातींच्या विमानांची येथे तैनाती होती. १९४७ साली तळाचा ताबा भारतीय हवाई दलाकडे आला.

या तळाच्या इतिहासात ज्या दिवसाचे स्मरण मराठी आणि कोकणी माणसाने विशेष आस्थेने ठेवावे, तो १८ डिसेंबर १९६१ हा होय. वाटाघाटींची चौदा वर्षे निष्फळ गेल्यावर गोमंतकाच्या मुक्तीसाठी सेना निघाली, तेव्हा हवाई कारवाईचे सेनापतित्व एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांजकडे होते, आणि विमाने पुणे व बेळगावनजीकचे सांबरे या दोन तळांवर जमवलेली होती. त्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर काही मिनिटांत ६३,००० पौंड वजनाचे बॉम्ब टाकून ती निकामी केली. सांबऱ्याच्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. तथापि दाबोळीच्या इमारतींना आणि तेथे उभ्या असलेल्या दोन नागरी विमानांना धक्का लागू दिला गेला नाही. त्याच रात्री पोर्तुगीजांनी घाईघाईने डागडुजी केलेल्या पट्टीवरून ही दोन्ही विमाने निसटून कराचीस पोहोचली. शस्त्र हाती असताना पाळलेला हा संयम मला त्या विजयाइतकाच मोलाचा वाटतो, कारण जी भूमी आपली म्हणून सोडवावयाची, तिची नासधूस न करण्याचा विवेक त्यात स्पष्ट दिसतो.

पुढे १९९७ साली रशियाहून आलेली पहिली सुखोई विमाने येथेच दाखल झाली, आणि २७ सप्टेंबर २००२ रोजी सुखोई-३० एमकेआय ही प्रगत आवृत्ती येथील विसाव्या स्क्वाड्रनच्या स्वाधीन करण्यात आली. कालांतराने ती आपल्याच नाशिक जिल्ह्यात, ओझरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. याच सुखोईतून ८ जून २००६ रोजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि २५ नोव्हेंबर २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी लोहगावहून उड्डाण केले. त्या त्या दिवशी दोघांचेही वय ७४ वर्षांचे होते. खानदेशच्या एका लेकीने सर्वोच्च सेनापती या नात्याने वैमानिकाचा पेहराव चढवून लढाऊ विमानात बसावे, हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना त्याचा अभिमान आजही वाटत असेल.

सुमारे अडीच किलोमीटर लांबीच्या या एकाच पट्टीवर आज फौजी आणि मुलकी असा दुहेरी भार आहे. शहर पसरत तळाच्या कुंपणाशी आले. भोवतीच्या वस्त्यांना घराची उंची वाढवण्यासाठी संरक्षण खात्याचा नाहरकत दाखला लागतो, आणि त्यापायी होणारी रहिवाशांची कुचंबणा खरी आहे. परंतु तळ आधीचा आणि वस्ती नंतरची, हा क्रमही विसरता येत नाही. २०२१ साली दसरा उलटताच, १६ ते २९ ऑक्टोबर असे चौदा दिवस, हवाई दलाने धावपट्टीच्या पुनर्बांधणीसाठी सर्व नागरी उड्डाणे बंद ठेवली, तेव्हा पुण्याच्या प्रवाशांना मुंबईचा विमानतळ गाठावा लागला.