‘कंपवात’ : संज्ञा आणि लक्षणे

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली ज्या व्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले, तिला त्यांनी ‘कंपयुक्त पक्षाघात’ या अर्थाचे नाव दिले होते. पुढे फ्रेंच चेताशास्त्रज्ञ शार्को यांनी या नावास हरकत घेतली. रुग्णाचे बळ फारसे जात नाही आणि काही रुग्णांना कंप असतच नाही, तेव्हा व्याधीस पार्किन्सन यांचेच नाव द्यावे, असे त्यांचे म्हणणे. मराठीत मात्र आयुर्वेदातील ‘कंपवात’ हीच संज्ञा रूढ राहिली, आणि शार्को यांनी दाखविलेला दोष निम्माशिम्मा परत आला.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निदाननिकषांनुसार या रोगात हालचालींचे मंदत्व अनिवार्य आहे. त्याच्या जोडीला स्नायूंचा ताठरपणा किंवा विश्रांतीतील कंप यांपैकी एक तरी असावे लागते. हा कंपही विशिष्ट प्रकारचा होय. मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात थरथरतो, आणि तांब्या उचलावयास गेले की थरथर बहुधा कमी होते. बशीतला चहा सांडणाऱ्या हाताचा कंप पुष्कळदा निराळ्याच विकाराचा असतो. पण लोक घाबरतात ते त्यालाच.

भीमेच्या दोन्ही काठांवरील शिरूर व दौंड तालुक्यांच्या बोलीत कंपासाठी ‘कापणे’, ‘थरथरणे’, ‘लटपटणे’ अशी क्रियापदे आहेत. ती ऐकताच घरच्यांना दवाखाना आठवतो. मंदत्वाचे तसे नाही. सदऱ्याची गुंडी लावण्यास लागणारा वेळ, खुरपणीत मागे पडणे, चालताना एका हाताचा झोका थांबणे, पाऊल आखूड होणे, अक्षर बारीक होत जाणे, चेहऱ्यावरचे भाव ओसरणे, या सर्वांवर ‘वय झाले’ किंवा ‘आळसावला’ असा शेरा बसतो. भाषा येथे लक्षणाला स्वभाव ठरविते. मलावरोध, गंधज्ञान कमी होणे आणि झोपेत हातपाय झाडणे ही तर कित्येकदा कंपाच्या आधीची चिन्हे. त्यांचा संबंध कोणी जोडीत नाही.

हे केवळ येथलेच नव्हे. टांझानियातील किलिमांजारो पर्वतानजीकच्या हाई जिल्ह्यात घरोघर पाहणी झाली, तेव्हा आढळलेल्या बहुतेक रुग्णांचे निदान पूर्वी झालेलेच नव्हते. लेवोडोपासारखे परिणामकारक औषध असूनही निदानाअभावी ते रुग्णापर्यंत पोचत नाही. (१९३७ साली हे द्रव्य खाजकुइलीच्या बियांतून भारतातच वेगळे करण्यात आले होते.)

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचे ग्रामीण आरोग्यकार्य आहे. अशा भागात या रोगाची पाहणी करावयाची झाल्यास ‘हात कापतो का?’ या एकट्या प्रश्नाने कंप नसलेले रुग्ण सुटतील. ‘पूर्वी झटक्यात होणारे कोणते काम आता रेंगाळते?’ हा प्रश्न त्याच्या आधी असावा. वाणीचेही तसेच. आवाज क्षीण व एकसुरी होतो आणि स्पर्शव्यंजने सैल पडतात, हे सर्वत्र आढळते; परंतु इंग्रजीसाठी बेतलेल्या उच्चारचाचण्यांत ‘त’ आणि ‘ट’ किंवा ‘प’ आणि ‘फ’ यांतील अर्थभेदक अंतर तपासले जात नाही. मराठी रुग्णासाठी ‘ताट’ आणि ‘टाट’, ‘पार’ आणि ‘फार’ अशा जोड्यांची चाचणी वेगळी रचावी लागेल.