सोमवारी टोला, मंगळवारी प्रतिटोला

न्यूयॉर्कच्या पार्क रो या रस्त्यावर एकेकाळी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या एकीला लागून एक होत्या. पोरवयात तिथे कागद पोहोचवणारा हरकाम्या असलेला सॅम्युअल फुलर पुढे दिग्दर्शक झाला आणि 1952 साली पदरचे पैसे घालून त्याने ‘पार्क रो’ नावाचा चित्रपट काढला. काळ 1886चा. एका बाजूला फिनियस मिचेलचं नवंकोरं ‘ग्लोब’, दुसऱ्या बाजूला चॅरिटी हॅकेट या मालकिणीचं मातब्बर ‘स्टार’. हाणामारी आहे, छापखान्याची नासधूस आहे, लायनोटाइप यंत्राचा शोधही आहे. फुलरचे पैसे बुडाले, तरी हा चित्रपट त्याचा लाडकाच राहिला.

चित्रपट झकास आहे, पण 1880च्या त्याच दशकात पुण्याच्या पेठांमध्ये जे चाललं होतं त्यापुढे मला तो फिका वाटतो. मिचेल हा मालकिणीने कामावरून काढलेला माणूस. पुण्याच्या लढतीतले दोघे मात्र जिवलग मित्र होते आणि दोघांनी एकाच तुरुंगाची हवा खाल्ली होती!

दोघांच्या वयात अंतर किती? अवघं नऊ दिवसांचं. गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म 14 जुलै 1856चा, बाळ गंगाधर टिळकांचा 23 जुलै 1856चा. डेक्कन कॉलेजात गट्टी जमली, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या साथीने 1880च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघालं आणि वर्षभरात दोन वर्तमानपत्रं. इंग्रजी ‘मराठा’चा पहिला अंक 2 जानेवारी 1881चा, मराठी ‘केसरी’चा 4 जानेवारीचा. आज अनेकांना ऐकून नवल वाटतं, पण ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर होते आणि टिळक ‘मराठा’ सांभाळत होते. देशी भाषांतल्या पत्रांची मुस्कटदाबी करणारा 1878चा कायदा तेव्हा चालू होता. ‘केसरी’ जन्मला तोच त्या कायद्याच्या नाकावर टिच्चून.

या सगळ्यासाठी छापखाना लागणार होता. चिपळूणकरांनी केशव बल्लाळ साठे यांचा छापखाना घेतला, त्याचा आर्यभूषण झाला. सामान मोरोबादादांच्या वाड्यात हलवायचं तर ही शिकली-सवरलेली मंडळी हमाल शोधत बसली नाहीत. खिळ्यांच्या पेट्या त्यांनी स्वतः वाहिल्या, आणि त्याचा टिळकांना पुढेही अभिमान होता. त्या पेट्यांचं वजन आज चटकन लक्षात येत नाही. मराठी छपाईला इंग्रजीसारखी सव्वीस अक्षरं पुरत नाहीत. काने, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं असे शेकडो वेगवेगळे खिळे, तेही शिशाचे. जुळाऱ्याने एकेक उचलून ओळ उभी करायची आणि छपाई झाली की प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या खणात टाकायचा. आठवड्याला एक अंक काढायचा म्हणजे एवढा खटाटोप.

दुसऱ्याच वर्षी तुरुंग. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतो म्हणून दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर झोड उठवली, पण पुराव्याची पत्रं बनावट निघाली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली. ती 101 दिवसांत संपली आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं. ‘हॅम्लेट’चं त्यांचं भाषांतर ‘विकारविलसित’ याच काळातलं. रात्री दोघांचे वाद इतके रंगत की आवाज खाली करा, म्हणून पहारेकऱ्याला सांगावं लागे.

या प्रकरणातली माझी सर्वांत आवडती गोष्ट जामिनाची आहे. चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीराव फुल्यांवर अतिशय कडवट टीका केली होती. तरीही टिळक-आगरकरांवर वेळ आली तेव्हा फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे दहा हजारांना जामीन राहिले. ज्यांच्या गटाने लेखणीने ओरबाडलं त्यांच्याच मदतीला धावून जायचं, हे मोठं मन फुल्यांचं. पुण्याच्या पत्रसृष्टीचा इतिहास सांगताना हा प्रसंग गाळला जातो तेव्हा मला खरोखर राग येतो.

फाटलं ते सामाजिक सुधारणांवरून. आधी राजकीय हक्क की आधी घरातल्या रूढी? ऑक्टोबर 1887मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि 15 ऑक्टोबर 1888ला ‘सुधारक’ काढला. मराठी मजकूर आगरकरांचा, इंग्रजी बाजूला तरणेबांड गोपाळ कृष्ण गोखले. ‘सुधारक’चा पहिला अंक सोमवारचा, ‘केसरी’ मंगळवारचा. म्हणजे सोमवारी टोला आणि लगेच मंगळवारी प्रतिटोला. 1891च्या संमतिवयाच्या कायद्यावर तर रणच पेटलं. मुलींचं संमतिवय दहावरून बारा करायला ‘सुधारक’चा पाठिंबा, आणि परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये हा ‘केसरी’चा हेका. या वादात मी आगरकरांच्या बाजूचा. प्रश्न दहा-अकरा वर्षांच्या मुलींचा होता.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. सनातन्यांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली!

पुण्यात केवळ नावांची यादी छापूनही स्फोट व्हायचा. ऑक्टोबर 1890मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. हजर असलेल्यांत रानडे, टिळक, गोखले. डॉक्टर आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी ती नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि शहरभर गदारोळ उडाला. चहाच्या त्या कपांपायी प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोहोचलं, प्रायश्चित्तं झाली. ‘केसरी’कार आणि ‘सुधारक’कार एकाच यादीत सापडण्याचा हा योग विरळाच.

17 जून 1895ला आगरकर गेले, वय अवघं अडतीस. वारही सोमवारच. अंत्यविधीचे पैसे त्यांनी उशाशी पुरचुंडीत बांधून ठेवले होते. ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनी स्वतः लिहिला. तो लिहिताना त्यांना अश्रू आवरेनात, असं सांगतात.

पडद्यावर ही दोस्ती-दुश्मनी आली ती 2015च्या ‘लोकमान्य : एक युगपुरुष’मध्ये. टिळक झाले सुबोध भावे, आगरकर झाले समीर विद्वांस. रंगभूमीवर विश्राम बेडेकरांचं ‘टिळक आणि आगरकर’ त्याआधीच गाजलं होतं. मात्र फक्त वर्तमानपत्रांच्या लढाईवरचा, खिळ्यांचा खणखणाट ऐकवणारा मराठी ‘पार्क रो’ कुणीतरी काढायलाच हवा. दिग्दर्शकासाठी माझं मत विद्वांसांना. आगरकर त्यांनी रंगवले आहेत आणि चहाची ती यादी फोडणाऱ्या गोपाळरावांवर 2019 साली ‘आनंदी गोपाळ’ही त्यांनीच काढला आहे.