ओढणाऱ्या घोड्याचे पितृकुल

दिल्लीच्या नैऋत्येस पसरलेल्या गुरुग्राम जिल्ह्यात, जेथे जमिनीचा भाव आता चौरस फुटांनी मोजला जातो, तेथे आजही घोडा दोन सर्वस्वी भिन्न अवस्थांत नांदतो. एक उषा स्टडसारख्या ख्यातनाम अश्वपैदास केंद्रातला: नॉर्दर्न डान्सर या जगद्विख्यात घोड्याचा पुत्र राझीन तेथेच पैदाशीसाठी उभा होता, आणि भारतीय शर्यतींच्या मैदानांवर त्याच्या संततीने वर्षानुवर्षे विजय मिळवले. दुसरा घोडा आसपासच्या खेड्यांतून बग्गीला जुंपला जातो, वरातीत नवरदेवाला पाठीवर घेतो, वीटभट्टीवर कच्च्या विटा वाहतो. पहिल्याचे पितृकुल छापील ग्रंथात अनेक पिढ्यांपर्यंत सापडते. दुसऱ्याचा बाप कोण, हे पुष्कळदा त्याच्या धन्यालाही सांगता येत नाही. हे अंतर केवळ श्रीमंती आणि दारिद्र्य यांचे नव्हे. शर्यतीच्या आणि प्रदर्शनाच्या घोड्याला हौशी आश्रयदाते मिळतात. ओढणाऱ्या आणि ओझे वाहणाऱ्या घोड्याला मात्र सरकारवाचून दुसरा पालक इतिहासात क्वचितच लाभला आहे. म्हणून या लेखात ओळख करून द्यावयाची आहे ती एखाद्या नामांकित घोड्याची नव्हे, तर ‘सरकारी पैदाशीचा घोडा’ या दोनशे वर्षांहून जुन्या संस्थेची.

ज्या भूमीवर ही संस्था वाढली, तिचा मराठी इतिहासाशी निकटचा संबंध आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी वऱ्हाडातील सुर्जी-अंजनगाव येथे दौलतराव शिंद्यांनी कंपनी सरकारशी तह केला, आणि दिल्लीच्या परिसराबरोबर गुडगावचा, म्हणजे आजच्या गुरुग्रामचा, मुलूखही इंग्रजांच्या अमलाखाली गेला. जवळच झाडसा येथे बेगम समरू या सरदारिणीची जहागीर व फौज होती. तिच्यावर नजर ठेवण्यासाठी कंपनीने गुडगावनजीक रिसाला ठेवला, आणि या घोडदळाच्या छावणीमुळेच त्या लहानशा गावाला प्रथम महत्त्व आले. परंतु रिसाला ठेवणे एक आणि त्याला वर्षानुवर्षे पुरतील इतके घोडे मिळवणे दुसरे. शिंदे-होळकरांच्या पागांना घोडे पुरवणाऱ्या देशी पैदाशीची व्यवस्था युद्धांनी विस्कटली होती. काबूल-कंदाहारकडून येणाऱ्या सौदागरांचे काफिले अनियमित झाले होते. समुद्रमार्गे येणारे अरबी घोडे महाग होते आणि अंगाने हलके असल्यामुळे तोफा ओढण्याच्या कामी तितकेसे उपयोगी नव्हते.

अशाच गरजेतून कंपनी सरकारने त्यापूर्वीच पैदाशीचे काम स्वतःच्या शिरावर घेतले होते. सैन्याला घोडे-खेचरे पुरवणारे आजचे रिमाउंट व्हेटरिनरी कोअर आपला प्रारंभ १४ डिसेंबर १७७९ या दिवसापासून मोजते. बिहारमधील पुसा येथे कंपनीची मोठी अश्वशाळा उभी राहिली, आणि १८०८ मध्ये विल्यम मूरक्रॉफ्ट हा पशुवैद्य तिच्या देखरेखीवर रुजू झाला. बीज चांगले तर संतती चांगली, ही त्याची अढळ श्रद्धा होती. उत्तम घोडे मिळवण्याच्या ध्यासाने तो हिमालय ओलांडून बुखाऱ्यापर्यंत गेला आणि परतीच्या वाटेवर १८२५ मध्ये मरण पावला. पुसा येथील याच मिळकतीवर १९०५ मध्ये शेतकी संशोधन संस्था स्थापन झाली, आणि १९३४ च्या भूकंपात तिची इमारत कोसळल्यावर १९३६ मध्ये ती दिल्लीस हलवण्यात आली. पश्चिमेकडे हिसार येथे १८०९ मध्ये कंपनीने पशुपैदाशीचे विस्तीर्ण क्षेत्र सुरू केले; तेथे आरंभी लष्करासाठी उंट, मग तोफा ओढणारे बैल, आणि पुढे घोडे-खेचरे यांची पैदास होऊ लागली. दिल्लीच्या पूर्वेस हापूडजवळील बाबूगढ आणि उत्तरेस सहारनपूर ही ठाणी त्याच परंपरेतली होत.

पहिल्या पद्धतीत सरकार आपल्या माद्या जमीनदारांकडे व रयतेकडे ठेवी, सरकारी घोडा त्यांना लावी, आणि जन्मलेले शिंगरू ठरल्या दराने विकत घेई. खर्च वाढत गेला, तक्रारी वाढत गेल्या, आणि १८७६ च्या सुमारास ही व्यवस्था मोडून जिल्हावार पैदाशीची नवी पद्धत आली. तिचे मर्म साधे होते. घोडी रयतेची, घोडा सरकारचा. अधिकाऱ्याने घोडीची पारख करावयाची, ती योग्य ठरली तर तिच्या अंगावर सरकारी डाग द्यावयाचा, आणि अशा डागलेल्या घोडीला सरकारी घोडा विनामूल्य मिळावयाचा. अकबराच्या काळीही घोड्यावरचा डाग हे हजेरीचे व हिशेबाचे साधन होते. आता तो रयतेच्या हक्काची निशाणी झाला. या काळात थरोब्रेड आणि अरबी घोड्यांबरोबर नॉरफोक ट्रॉटर आणि हॅकनी या गाडीच्या इंग्रजी जातींचे घोडेही हिंदुस्थानात आणले गेले. त्यांच्या संततीच्या गुणावगुणांविषयी पुष्कळ वाद झाला, १९००-०१ मध्ये चौकशी आयोग बसला, आणि १९०३ मध्ये हे काम प्रामुख्याने लष्कराच्या रिमाउंट खात्याकडे गेले.

गाडीच्या घोड्याची मागणी केवळ तोफखान्याची नव्हती. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९०५ पर्यंत चालली. व्हिक्टोरिया आणि टांगा ही महाराष्ट्रातील शहरांची नित्याची वाहने होती. त्यांना जुंपल्या जाणाऱ्या घोड्यांपैकी ऑस्ट्रेलियातून येणारे वेलर घोडे धनिकांच्या गाडीला, आणि देशी तट्टे भाड्याच्या टांग्याला, अशी विभागणी सर्वसाधारणपणे असे.

ओढणाऱ्या घोड्याच्या बापात काय पाहावयाचे, याचे शास्त्र स्वाराच्या घोड्याच्या पारखीहून वेगळे आहे. जुने मराठी अश्वपरीक्षक भोवरे, देवमण, पंचकल्याणी अशी लक्षणे आवर्जून पाहत. ती श्रद्धेची बाब झाली. गाडी मात्र शुभलक्षणांनी ओढली जात नाही. स्वाराच्या घोड्याचा खांदा तिरका हवा, म्हणजे पाऊल लांब पडते. भार ओढणाऱ्याचा खांदा त्या मानाने उभा असला, तर गळपट्टा नीट बसतो आणि जोर वाया जात नाही. छाती रुंद, कंबर आखूड, पुठ्ठे भरलेले, गुडघ्याखालची नळी आखूड व जाड, आणि खूर घट्ट असावा, कारण दगडी सडकेचा प्रत्येक आघात अखेर खुरालाच सोसावा लागतो. बग्गीच्या घोड्यात याशिवाय दुडक्या चालीची उंच, नेमकी पावले आणि जोडीच्या घोड्याशी जुळणारी उंची लागते. सर्वांत मोठा गुण स्वभावाचा. भोंगे आणि गर्दी यांमध्ये जो बिथरत नाही आणि चढावर भार अडला असता जो माघार घेत नाही, तोच बीजाश्व म्हणून ठेवण्यास पात्र; एरव्ही अंगाने कितीही देखणा असला तरी त्याला खच्ची करून कामास लावणेच इष्ट.

स्वातंत्र्योत्तर काळात तोफा यंत्राने ओढल्या जाऊ लागल्या, तरी हिमालयातील चौक्यांना रसद पोहोचवण्यासाठी खेचरांची गरज उरली. त्यासाठी फ्रान्समधील ब्रेटन आणि ऑस्ट्रियातील हाफ्लिंगर यांसारख्या मजबूत जातींचे घोडे सैन्याने आणवले, आणि त्यांच्या संकराने दणकट माद्या तयार करण्याचे प्रयत्न झाले. येथे एक जैविक सत्य लक्षात घेण्यासारखे आहे. घोड्याची गुणसूत्रे चौसष्ट, गाढवाची बासष्ट, आणि त्यांच्या संकरातून जन्मणाऱ्या खेचराची त्रेसष्ट. या विषम संख्येमुळे खेचर वांझ राहते. म्हणजे खेचरांची प्रत्येक पिढी नव्याने निर्माण करावी लागते, आणि त्यासाठी चांगला नर व चांगली घोडी यांचा साठा अखंड राखावा लागतो. हा साठा एकदा तुटला, तर पैसा ओतून तो एका वर्षात परत मिळत नाही.

याच कामाला शास्त्राची बैठक देण्यासाठी २६ नोव्हेंबर १९८५ रोजी हिसार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि १९८९ मध्ये राजस्थानातील बिकानेर येथे त्याची शाखा निघाली. तेथे मारवाडी घोडे आणि फ्रान्सच्या पोइतू जातीचे उंच, धिप्पाड नर-गाढव राखलेले आहेत. या गाढवांपासून मोठ्या बांध्याची खेचरे मिळतात. पैदाशीच्या घोड्याची निगा किती काटेकोर असते, याची कल्पना सामान्य वाचकास सहसा नसते. घोडी वर्षाच्या ठरावीक ऋतूतच, दिवस लांबू लागले की, माजावर येते. तिचे चक्र सुमारे एकवीस दिवसांचे, आणि त्यांतील माजाचे दिवस पाच ते सात. योग्य दिवस हुकला तर पुढच्या चक्राची वाट पाहावी लागते. घोडी फळली तर सुमारे अकरा महिन्यांनी एक शिंगरू जन्मते, आणि ते गाडीला जुंपण्याजोगे होण्यास आणखी तीन-चार वर्षे जातात. आज घेतलेल्या निर्णयाचे फळ पाच वर्षांनी दिसते. रोजच्या कमाईवर पोट असलेला टांगेवाला इतका काळ थांबू शकत नाही, म्हणूनच हा भार कोणा स्थिर संस्थेने उचलावयास हवा. द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवलेले वीर्य दूरच्या गावी नेणे आता शक्य झाले आहे. थरोब्रेडच्या नोंदवहीत मात्र कृत्रिम रेतनाने जन्मलेल्या शिंगराला स्थान नाही. या जातीच्या भारतीय वंशनोंदीचे कार्यालय पुण्यात आहे.

बीजाश्वाची दुसरी कसोटी आरोग्याची, आणि ती वंशावळीइतकीच महत्त्वाची. एक घोडा एका हंगामात अनेक माद्यांना लावला जातो. तो रोगी असेल तर एका गावाचे दुखणे तालुकाभर होते. डोरीन हा रोग तर समागमातूनच पसरतो. ग्लँडर्स हा घोड्यापासून माणसासही होणारा प्राणघातक रोग आहे. त्यासाठी १८९९ मध्येच स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि दीर्घ खंडानंतर २००६ मध्ये हा रोग महाराष्ट्रात पुन्हा आढळला. त्याच्या निदानाचे काम हिसारचे केंद्र करते. तपासणीचा दाखला नसलेला घोडा, मग तो कितीही उंच आणि देखणा असो, कोणाही घोडीला लावू नये.

महाराष्ट्राने या प्रश्नाकडे आत्मीयतेने पाहावे, याला आणखी एक कारण आहे. हरियाणातीलच कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०२३ मध्ये आपल्या भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. ज्या भीमथडी तट्टांनी मराठ्यांच्या दौडी साध्य केल्या, ती आज मुख्यतः भटकंती करणाऱ्या धनगरांच्या वाड्यांबरोबर त्यांचा संसार पाठीवर वाहत हिंडतात. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, भुतिया, झंस्कारी, कच्छी-सिंधी आणि भीमथडी या नोंदणीकृत आठ जातींपैकी एकही भारी ओढीची जात नाही. आपल्या देशात ओढणारा घोडा ही जात नसून एक गरज आहे, आणि ती भागवण्यासाठी निवडक नरांचा पुरवठा हाच मार्ग उरतो.

या व्यवस्थेवर खर्च का करावा, असा प्रश्न रास्त आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. २०१९ मध्ये ती सुमारे तीन लाख चाळीस हजारांवर आली, आणि खेचरांची संख्या तर निम्म्याहून कमी झाली. मुंबईच्या व्हिक्टोरिया उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निर्णयाने बेकायदा ठरल्या. परंतु माथेरानची वाट, हिमालयातील पायवाट, वीटभट्टी, लग्नाची बग्गी आणि प्रजासत्ताक दिनी २०२४ पासून पुन्हा निघू लागलेली राष्ट्रपतींची बग्गी, ही सर्व ठिकाणे घोड्यावाचून आजही चालत नाहीत. संख्या घटते तेव्हा उत्तम नराचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढते. कारण थोड्या जनावरांत निकृष्ट किंवा नात्यातला घोडा लावला, तर सबंध वंश लवकर खालावतो. आणि जनावर दुबळे असेल तर तेवढाच भार त्याच्या अंगावर अधिक वेदनेने पडतो, हा विचारही दयाबुद्धीच्या माणसाला डावलता येणार नाही.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. सारंगखेड्याच्या आणि माळेगावच्या यात्रांत, जेथे दरवर्षी घोडेवाले स्वतःहून गोळा होतात, तेथे महाराष्ट्र शासनाने तपासलेले, वंशावळ ठाऊक असलेले कामाचे नर अल्प दराने उपलब्ध करावेत आणि हिसारच्या तज्ज्ञांचे साह्य घ्यावे. आणि घोडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने, घोडा लावण्यापूर्वी, त्याच्या बापाचे नाव आणि तपासणीचा दाखला या दोन गोष्टी मागितल्यावाचून आपली घोडी पुढे करू नये.