चौसष्ट की बत्तीस

सकाळी ७.४५
प्रयोगशाळेचं कुलूप मामा उघडतात. पाठोपाठ ती. पुण्यात नेच्यांवर पीएच.डी. करते. फेलोशिप महिन्याला ३७,००० रुपये. अनेकदा दोन-तीन महिने थकते आणि मग एकदम येते. आल्या आल्या वॉटर बाथ ६५ अंशांवर लावते. मग झिपच्या पिशव्या काढते. आत महाबळेश्वरच्या पानांचे तुकडे, सिलिका जेलमध्ये वाळवलेले. निळे खडे गुलाबी झाले म्हणजे ओल शिरली. ते फेकत नाहीत. ओव्हनमध्ये भाजून पुन्हा वापरतात.

८.३०
जेमतेम २० मिलिग्रॅम पान. खलात घालून पीठ होईस्तोवर घोटायचं. नेच्यात टॅनिनसारखी द्रव्यं फार; ती चिकटली की डीएनए चहासारखा तपकिरी होतो आणि पुढे काही चालत नाही. म्हणून बफरमध्ये पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल. फ्यूम हूड चालू असूनही सडक्या अंड्यांचा वास येतोच.
"ताई, आज परत तेच का?" मामा विचारतात.
"चारच नमुने आहेत, मामा."

९.२०
ट्यूब तासभर बाथमध्ये. तेवढ्यात हर्बेरियमचे कागद टेबलावर. सगळे टेरिस नावाचे नेचे. लांबून एकसारखेच दिसतात. ती पर्णिका उजेडासमोर धरून दहापट भिंग लावते. मधल्या शिरेलगत बाजूच्या शिरा कमानीसारख्या जुळल्या असतील तर टेरिस बायऑरिटा. सुट्या राहिल्या तर क्वाड्रिऑरिटाचा गट, आणि खरा गुंता तिथेच आहे. मला भिंग देते. कमान दिसायला मला बराच वेळ लागतो.

१०.३०
क्लोरोफॉर्म, सेंट्रिफ्यूज, वरचा थर अलगद उचलायचा. मग आयसोप्रोपेनॉल घालून ट्यूब फ्रीजरमध्ये.

दुपारी १.००
डबा. पोळी, मटकीची उसळ. ट्यूबच्या तळाशी पांढुरका ठिपका जमलाय. तो धुऊन वाळत ठेवते.

२.००
दिवसातलं सगळ्यात नाजूक काम. पर्णिकेच्या कडेवरून न फुटलेली, पण पिकलेली बीजाणुधानी सुईने उचलायची, ग्लिसरीनच्या थेंबात फोडायची आणि बीजाणू मोजायचे. चौसष्ट भरले तर झाड नर-मादी पेशींच्या मीलनातून वाढणारं. बत्तीस भरले तर मीलनाशिवायच नवं झाड उभं राहतं. अशा झाडांतला बारीकसा फरकही पिढ्यान्‌पिढ्या तसाच टिकतो, म्हणून जाती ठरवताना भांडण होतं. पहिल्या स्लाइडवर एकोणतीस. काही सांडले असणार. दुसरी बीजाणुधानी. तिसरी. तिसरीत बत्तीस. मान वर न करता ती आकडा वहीत लिहिते.

४.१५
पीसीआर. टॅक एन्झाइम बर्फातून बाहेर काढलं की हात भरभर चालतात, महाग आहे. आरबीसीएल हा हरितलवकातला जनुक, ३५ आवर्तनं. नेच्यांत हरितलवक सहसा आईकडूनच येतं. म्हणजे झाड संकरित असलं तर हा जनुक फक्त आईचं नाव सांगणार. बापाचा पत्ता केंद्रकातल्या जनुकातून आणि बीजाणूंवरून काढावा लागतो. संकराचे बीजाणू बरेचदा वेडेवाकडे, पोकळ असतात. यंत्राचं उत्तर आलं तरी ती सुई खाली का ठेवत नाही, ते मला इथे कळतं.

७.१०
अगॅरोज जेल यूव्हीखाली. तीन पट्टे ठळक, चौथी जागा कोरी. टॅनिन राहिलं असावं. तीन ट्यूब सिक्वेन्सिंगसाठी कुरियरच्या डब्यात. एकेका वाचनाला काही शे रुपये, तेही दोन्ही टोकांकडून. चौथा नमुना दहापट पातळ करून उद्या पुन्हा लावायचा. मामांना ती विचारते, "उद्या साडेसातला उघडाल?"