'पहिल्याच वर्षी सर्वोत्तम' म्हणजे नेमकं कोण? निंजा वॉरियर आणि तुमची कार्यात्मक व्याख्या

संशोधन आराखड्यातला एक भाग बहुतेक जण शेवटच्या रात्री भरतात: कार्यात्मक व्याख्या. शब्दकोशातली एक ओळ, कुठल्यातरी तज्ज्ञाची एक ओळ, मग "प्रस्तुत संशोधनात अमुक म्हणजे तमुक" असं लिहायचं आणि पुढे सरकायचं. आणि समितीसमोर गेल्यावर पहिला प्रश्न हमखास तिथेच येतो. "तुमच्या शीर्षकात 'नवोदित शिक्षक' लिहिलंय. नवोदित म्हणजे किती वर्षं? आधी खासगी शिकवणीत पाच वर्षं शिकवलेला माणूस नवोदित का?" इथे अडखळलात तर नमुना, साधन, आकडेमोड, सगळंच पुन्हा उघडावं लागतं.

म्हणून आज फक्त या एका गोष्टीबद्दल बोलू. उदाहरण मात्र तुमच्या विषयातलं घेत नाही. स्वतःच्या विषयातलं उदाहरण असलं की आपल्याला उत्तर आधीच माहीत आहे असं वाटतं आणि आपण थांबून बघत नाही. त्यामुळे उदाहरण टीव्हीवरच्या अडथळ्यांच्या स्पर्धेचं आहे: 'अमेरिकन निंजा वॉरियर'. प्रश्न असा: या स्पर्धेतला सर्वोत्तम नवखा स्पर्धक कोण?

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ कार्यक्रम जपानचा, 'सासुके', 1997 पासूनचा. अमेरिकन आवृत्ती 2009 मध्ये सुरू झाली. लोंबकळत, उड्या मारत, बोटांच्या जोरावर अडथळे पार करायचे. खाली पाणी असतं. पडलात की त्या फेरीपुरता खेळ संपला, दुसरी संधी नाही. अनेक वर्षं रचना अशी होती की आधी शहरांमधली पात्रता फेरी, मग शहराची अंतिम फेरी आणि शेवटी लास वेगसला चार टप्पे. चौथा टप्पा म्हणजे 75 फूट दोर, 30 सेकंदांत चढायचा. ज्या वर्षी कोणीच शेवटपर्यंत जात नसे, त्या वर्षी सगळ्यात पुढे गेलेल्याला 'शेवटचा उभा राहिलेला निंजा' म्हणत. पहिल्यांदा उतरणारा स्पर्धक म्हणजे 'रुकी', आपल्या भाषेत नवखा.

आता प्रश्नाकडे. त्यात दोनच महत्त्वाचे शब्द आहेत, 'नवखा' आणि 'सर्वोत्तम'. आधी 'नवखा' घेऊ, कारण तो सोपा वाटतो.

2014 सालचं बघा. त्या वर्षी डॅलसच्या पात्रता फेरीत केसी कॅटनझारो ही 14 फुटांची वाकडी भिंत चढणारी पहिली स्त्री ठरली, आणि नंतर शहराची अंतिम फेरी पूर्ण करणारीही पहिलीच. पाच फूट उंचीची मुलगी. तो व्हिडिओ जगभर फिरला. पण केसी त्या वर्षी नवखी नव्हती, ती 2013 मध्येही उतरली होती. त्याच 2014 मध्ये मेगन मार्टिनने डेन्व्हरला पात्रता फेरी पूर्ण केली, आणि 'पहिल्याच वर्षी भिंत चढलेली पहिली स्त्री' हा मान तिच्याकडे गेला. व्याख्येतल्या एका शब्दाने नाव बदललं.

इथपर्यंत सरळ आहे. आता पुढची पायरी. मेगन नवखी कशात होती? टीव्हीवरच्या या स्पर्धेत. ती आधीपासून गिर्यारोहणाच्या भिंतींवर चढणारी खेळाडू होती आणि विद्यापीठात पोल व्हॉल्ट करत होती. केसी विद्यापीठाच्या संघातली जिम्नॅस्ट. म्हणजे 'नवखा' हा शब्द माणसाच्या शरीराबद्दल किंवा कौशल्याबद्दल काहीच सांगत नाही. तो फक्त नोंदवहीतला रकाना आहे, 'या कार्यक्रमात याआधी उतरल्याची नोंद नाही' एवढाच.

आणि हा रकानाही काळाबरोबर बदलतो. सुरुवातीच्या वर्षांत किमान वय 21 होतं. 2018 मध्ये ते 19 झालं आणि 2021 मध्ये थेट 15. त्यातच 2018 मध्ये मुलांसाठी 'ज्युनियर' आवृत्ती सुरू झाली होती. आता 2021 चा नवखा म्हणजे कोण? 15 वर्षांचा केडन लेबसॅक. मोठ्यांच्या स्पर्धेत पहिलंच वर्ष, पण ज्युनियरमध्ये खेळून आलेला. त्या वर्षी लेबसॅक शेवटचा उभा राहिलेला निंजा ठरला, थेट चौथ्या टप्प्याच्या दोरापर्यंत गेला. 30 सेकंद मात्र पुरली नाहीत. आता त्याला 2013 च्या एखाद्या नवख्याशेजारी ठेवायचं का? 2013 चा नवखा बहुधा असे अडथळे आयुष्यात पहिल्यांदा बघत होता. लेबसॅकची पिढी याच अडथळ्यांच्या प्रतिकृतींवर, खास त्यासाठी काढलेल्या व्यायामशाळांमध्ये लहानाची मोठी झाली. दोघांना एकच शब्द लावला तर तक्ता व्यवस्थित दिसेल, पण तुलना पोकळ असेल.

"मग काय, नवखा हा शब्दच वापरायचा नाही का?" वापरायचा की. फक्त मोजता येईल असा वापरायचा. आपल्याकडे 'पहिल्याच प्रयत्नात यूपीएससी' अशा बातम्या येतात ना? तिथे 'प्रयत्न' शब्दाला आयोगाने फार नेमका अर्थ दिलेला आहे. पूर्वपरीक्षेच्या एका जरी पेपरला बसलात तर एक प्रयत्न झाला. नुसता अर्ज भरून गेलाच नाहीत तर प्रयत्न मोजला जात नाही. दिल्लीत दोन वर्षं अभ्यास करून मग पहिल्यांदा बसलेला आणि नोकरी करता करता सहज बसलेला, दोघांचा 'पहिला प्रयत्न' सारखाच. अन्यायकारक वाटेल, पण व्याख्या स्वच्छ आहे: कोणत्याही दोन तपासनीसांनी मोजलं तरी उत्तर एकच येईल. कार्यात्मक व्याख्येची पहिली अट हीच. दुसरी अट अशी की तिच्यातून काय निसटतंय हे तुम्हाला माहीत असायला हवं, आणि ते प्रबंधात लिहिलेलं असायला हवं.

मी असतो तर निंजाच्या तक्त्यात 'नवखा, हो/नाही' असा एक रकाना न ठेवता तीन ठेवले असते: मोठ्यांच्या स्पर्धेतलं कितवं वर्ष, ज्युनियरचा अनुभव आहे का, आणि आधीचा खेळ कोणता. माहिती गोळा करतानाच हे वेगळं ठेवलं तर पुढे कधीही एकत्र करता येतं. एकत्र गोळा केलेलं मात्र नंतर वेगळं करता येत नाही. सर्वेक्षणाची प्रश्नावली छापायला देण्याआधी हे वाक्य परत वाचा.

आता 'सर्वोत्तम'. इथे जास्त गुंता आहे.

स्पर्धेचा स्वतःचा क्रम लावायचा नियम साधा आहे. जो जास्त पुढे गेला तो वर. दोघे एकाच ठिकाणी पडले तर जो तिथे लवकर पोचला तो वर. ठीक. पण 2015 मध्ये काय झालं ते बघा. जेफ ब्रिटन आणि आयझॅक कॅल्डिएरो या दोघांनीही चारही टप्पे पूर्ण केले, आणि अमेरिकन आवृत्तीत असं पहिल्यांदाच घडत होतं. ब्रिटन आधी चढला, 29.65 सेकंद. मग कॅल्डिएरो, 26.14 सेकंद. दहा लाख डॉलर कॅल्डिएरोला मिळाले, ब्रिटनला बक्षिसाचा एक डॉलरही नाही. 'सर्वोत्तम म्हणजे बक्षीस मिळालेला' म्हटलं तर उत्तर एक, 'सर्वोत्तम म्हणजे सगळे टप्पे पूर्ण केलेला' म्हटलं तर उत्तर दोन. साडेतीन सेकंदांच्या फरकाला तुम्ही किती अर्थ देता, हा निर्णय तुमचा आहे. आकडे तो तुमच्यासाठी घेणार नाहीत.

शिवाय कधी मोजायचं? 2021 च्या नवख्यांमध्ये लेबसॅकबरोबर आणखी एक मुलगा होता, व्हान्स वॉकर, दोन वेळचा ज्युनियर विजेता. त्या वर्षी तो लेबसॅकच्या मागे राहिला. पण पुढे 2023 मध्ये तो जिंकला आणि 2024 मध्ये पुन्हा जिंकला. पहिल्या वर्षाचा निकाल धरला तर 2021 चा सर्वोत्तम नवखा लेबसॅक. तीन-चार वर्षांनी मागे वळून बघितलं तर वॉकर. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत. शिक्षणात हे रोज दिसतं. एखाद्या उपक्रमाचा परिणाम सत्राच्या शेवटी मोजला तर एक गट पुढे असतो, दोन वर्षांनी मोजला तर दुसरा. आराखड्यात 'परिणामकारकता' लिहिताना 'किती काळानंतरची' हे लिहिलंच पाहिजे. माझ्या मते हा सगळ्यात जास्त विसरला जाणारा तपशील आहे, नमुन्याच्या आकारापेक्षाही जास्त.

तिसरी अडचण साधनाची. निंजाचा कोर्स म्हणजे एक मोजपट्टीच. पण ही मोजपट्टी दर वर्षी बदलते, अडथळे नवे येतात. 2017 पासून पात्रता फेरीतल्या पहिल्या पाच स्त्रिया पुढच्या फेरीत जातील असा नियम आला. म्हणजे 2016 मध्ये 'शहराच्या अंतिम फेरीत पोचलेली' आणि 2017 मध्ये पोचलेली, या दोन नोंदींचा अर्थ सारखा नाही. 2020 मध्ये महामारीमुळे सगळी स्पर्धा सेंट लुईसला झाली, वेगसचे चार टप्पे नव्हतेच; डॅनियल गिल जिंकला तो एका मनोऱ्यावरच्या समोरासमोरच्या शर्यतीत. हे वर्ष तक्त्यात घ्यायचं की वगळायचं? मी वगळीन, आणि वगळल्याचं कारण लिहीन.

यापेक्षा सूक्ष्म गोष्ट म्हणजे एकाच वर्षी, एकाच अडथळ्यावरही सगळ्यांचं एकच मोजलं जातं असं नाही. 2014 मध्ये वेगसच्या पहिल्या टप्प्यात केसी 'जंपिंग स्पायडर' या अडथळ्यावर पडली. यात ट्रॅम्पोलिनवरून उडी मारून दोन समांतर भिंतींच्या मध्ये हात-पाय ताणून स्वतःला अडकवायचं असतं. सहा फुटी माणसासाठी हा अडथळा वेळेच्या अंदाजाची परीक्षा आहे. पाच फुटी माणसासाठी तो आधी हातापायांच्या लांबीची परीक्षा आहे, बाकी सगळं नंतर. तुमची बुद्धिमत्ता चाचणी प्रमाण मराठीत असेल आणि मूल घरी पावरी किंवा कोरकू बोलत असेल, तर नेमकं हेच होतं. चाचणी सगळ्यांना एकच दिली म्हणून सप्रमाणता सिद्ध होत नाही.

आणि जे आपण पाहतो ते तरी पूर्ण आहे का? अर्जांतून निवड निर्माते करतात. निवडलेल्यांपैकी सगळ्यांची धाव टीव्हीवर पूर्ण दाखवत नाहीत. काहींची झलक, काहींची तीही नाही. जो नवखा पहिल्याच अडथळ्यावर पडला आणि ज्याची गोष्ट रंजक नव्हती, तो तुमच्या नजरेसमोर आलाच नाही. म्हणजे प्रेक्षकाचा नमुना दोनदा गाळलेला. 'नवखे हल्ली फार चांगले येतात' हे मत टीव्ही बघून बनवलं असेल तर ते संपादकाबद्दलचं मत आहे, नवख्यांबद्दलचं असेलच असं नाही.

शेवटी एक गोष्ट, जी ऐकायला सोपी आणि वापरायला अवघड आहे. पहिल्या वर्षी चमकलेले दुसऱ्या वर्षी फिके पडतात, असं सगळेच खेळरसिक म्हणतात. डोक्यात हवा गेली, सराव सोडला वगैरे. फ्रान्सिस गॉल्टनने 1886 मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या आकड्यांवरून दाखवलं की फार उंच आईवडिलांची मुलं सरासरीने त्यांच्याइतकी उंच नसतात. ती सरासरीकडे सरकतात. त्यात कोणाच्याही डोक्यात हवा गेलेली नसते. निंजाची एक धाव म्हणजे कौशल्य अधिक त्या रात्रीचं नशीब: घामेजलेला हात, ओला बूट, अर्ध्या इंचाने चुकलेली पकड. एका चुकीत खेळ संपत असल्यामुळे इथे नशिबाचा वाटा मोठा. पहिल्या वर्षाचे पहिले पाच नवखे निवडले की आपोआप असे लोक निवडले जातात ज्यांच्याकडे कौशल्यही होतं आणि त्या रात्री नशीबही होतं. पुढच्या वर्षी कौशल्य तेच राहतं, नशिबाची चिठ्ठी मात्र नव्याने निघते. गट म्हणून ते खाली येणारच.

"पण लेबसॅक तर 2022 मध्येही शेवटचा उभा राहिलेला निंजा ठरला!" हो, ठरला. याने वरचं खोटं ठरत नाही. सरासरीकडे सरकणं ही गटाची गोष्ट आहे, एकेका माणसाबद्दल ती हमी देत नाही. एका लेबसॅकवरून त्याचं कौशल्य किती आणि नशीब किती हे वेगळं करता येत नाही. त्यासाठी 2021 चे सगळे नवखे लागतील, पडलेलेसुद्धा, आणि 2022 मध्ये परत न बोलावलेलेसुद्धा. हे शेवटचे मिळवणं सगळ्यात कठीण, कारण त्यांची दुसऱ्या वर्षाची नोंदच नाही. तुमच्या 'उपक्रमापूर्वी सर्वात कमी गुण मिळवलेल्या वीस विद्यार्थ्यां'चंही असंच आहे. उपक्रम काहीही असो, उत्तरचाचणीत त्यांचे गुण थोडे वर येणारच. म्हणून नियंत्रित गट हवा, आणि तोही त्याच तळातून निवडलेला. वर्गातल्या उरलेल्यांना नियंत्रित गट म्हणून लावलेलं मी दोन-तीन आराखड्यांत पाहिलंय, ते चालणार नाही.

तर मी दिलेलं उत्तर: 2021 ते 2024 या काळात, मोठ्यांच्या स्पर्धेतलं पहिलं वर्ष, ज्युनियरचा अनुभव धरून, त्याच वर्षीच्या अंतरावर मोजलं तर लेबसॅक. ज्युनियरचा अनुभव असलेले वगळायचे ठरवलं तर लेबसॅक आणि वॉकर दोघेही यादीतून जातात आणि शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो. आता तुमच्या आराखड्याचं शीर्षक काढा, त्यातलं विशेषण शोधा आणि त्यासमोर लिहा: कशात, कोणाच्या नोंदीनुसार, किती काळानंतर.