शहाण्णव वेळा निम्मी होणारी राशी

७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६. एवढी रक्कम कोणत्याही पेढीच्या खतावणीत चढलेली नाही; जैन परंपरेत मात्र या एकोणतीस अंकी संख्येला निश्चित स्थान आहे. लोकातील मनुष्यांची गणना करताना ती येते. अनुयोगद्वारसूत्र तिचे अंक देत नाही, घडण देते: दोनच्या पाचव्या व सहाव्या वर्गांचा गुणाकार, अथवा शहाण्णव वेळा निम्मी होणारी राशी.

येथे ‘पाचवा वर्ग’ म्हणजे पाचचा वर्ग नव्हे. दोनचा वर्ग ४, चारचा १६, सोळाचा २५६, त्याचा ६५५३६ आणि पाचव्या पायरीवर ४२९४९६७२९६. सहावी पायरी १८४४६७४४०७३७०९५५१६१६. बुद्धिबळाच्या पटावर घराघरात दुप्पट दाणे ठेवीत जाण्याची गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या सर्व दाण्यांहून ही संख्या बरोबर एकाने अधिक. पाचवा वर्ग बत्तीस वेळा निम्मा केला की एकावर येतो, सहावा चौसष्ट वेळा. दोहोंचा गुणाकार करताच या वेळांची बेरीज होते: शहाण्णव. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांच्या धवला या नवव्या शतकातील टीकेत या मोजणीला ‘अर्धच्छेद’ म्हटले आहे. युरोपात नेपियरची लॉगॅरिदमची कोष्टके १६१४ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही गोष्टी एकच म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण गुणाकाराचे ओझे बेरजेवर टाकण्याची युक्ती तीच.

इतके अंक पिढ्यान्‌पिढ्या नकलून घेताना एखादा तरी घसरणारच. नेमिचंद्राचार्यांच्या दहाव्या शतकातील गोम्मटसारात, जीवकांडात, एकोणतीस अंकांची एकोणतीस अक्षरे करून ती एका गाथेत बसवलेली आहेत. ‘ट’पासून मोजता ‘त’ सहावा; म्हणून पहिले अक्षर ‘त’ म्हणजे एकंस्थानचे ६. ‘य’पासून ‘स’ सातवा. म्हणून शेवटचे अक्षर ‘स’ म्हणजे सर्वांत डावीकडचे ७. छंद मोडल्यावाचून अक्षर गळणे कठीण.

मुनिमाच्या रीतीने ताळाही पाहता येतो. सर्व अंकांची बेरीज १२७. नऊ नऊ टाकता उरतो १. ही राशी म्हणजे ६४ सोळा वेळा मांडून केलेला गुणाकार, आणि ६४ मधून नऊ नऊ टाकले तरी १च उरतो. ताळा जुळतो.

ताळ्याने आकडेमोडीची खात्री पटते, नोंदीच्या खरेपणाची नाही. वीरसेनाचार्यांनी नोंदीचाच प्रश्न उपस्थित केला. षट्खंडागमानुसार पर्याप्त मनुष्य कोटी-कोटी-कोटीहून अधिक आणि कोटी-कोटी-कोटी-कोटीहून कमी आहेत. ही वरची मर्यादा म्हणजे एकावर अठ्ठावीस शून्ये. तीही एकोणतीस अंकीच, त्यामुळे केवळ स्थाने मोजणाऱ्यास विरोध जाणवत नाही. वस्तुतः ही राशी त्या मर्यादेच्या जवळजवळ आठपट भरते. वीरसेनांनी मनुष्यक्षेत्राचे क्षेत्रफळ काढले, इतकी माणसे त्यात मावणार नाहीत असे दाखवले आणि परंपरेने आलेला आकडा अमान्य केला. पुढच्याच शतकात गोम्मटसाराने तो पुन्हा गाथेत गुंफला.

धवलेची ताडपत्रे दीर्घकाळ मूडबिद्रीच्या भांडारात होती. १९३९ पासून अमरावतीहून प्रा. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली ती टीका मुद्रित होऊ लागली, आणि दोन्ही मते शेजारी ठेवून पाहण्याची सोय सामान्य वाचकालाही झाली.